खाडा

फार्मसिस्टने डबी ट्रेमध्ये उपडी केली आणि गोळ्यांबरोबर मूठभर ज्वारी सांडली.

२०१५ चा मे महिना, खिडकीबाहेर ही रांग, आत एकच पंखा आणि तोही नुसता फिरल्यासारखा करणारा. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, मी काउन्सेलर होते, सहा वर्षं झाली होती, त्यामुळे आपल्याला आता सगळं कळतं असा एक माज अंगात आलेला. आमच्याकडे पद्धत अशी की पेशंटने उरलेल्या गोळ्या डबीसकट परत आणायच्या, आम्ही त्या मोजायच्या, किती दिल्या होत्या, किती दिवस झाले, किती उरल्या, त्यावरून टक्के काढून व्हाइट कार्डवर लिहायचे. ९५ टक्क्यांच्या वर म्हणजे पास. खाली गेला की काउन्सेलरकडे, म्हणजे माझ्याकडे, म्हणजे लेक्चर.

"ही ज्वारी कसली?" मी विचारलं. जरा चढ्याच आवाजात विचारलं असणार.

"वाजू नाई म्हून घातली, म्याडम," समोरची पेशंट बाई म्हणाली.

मला कळलं नाही. मग तिने ती प्लास्टिकची डबी उचलली, चारपाच गोळ्या परत टाकल्या, झाकण लावलं आणि कानाजवळ धरून हलवली. खुळखुळ. लहान लेकराच्या खुळखुळ्यासारखा आवाज. नवीन डबीत तीस गोळ्या असतात तेव्हा एवढी वाजत नाही, पण अर्धी झाली की चालताना पिशवीत वाजते, रात्री उशाखालून काढताना वाजते, आणि ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जिथे दोन हातांवर दुसऱ्याची कोपी आणि मधे नुसतं पाचट नाहीतर ताडपत्री, तिथे रोज रात्री एकाच टायमाला काहीतरी खुळखुळतंय म्हटल्यावर बाया विचारणारच ना.

मी काय केलं? मी तिला सांगितलं की डबीत दुसरं काही घालायचं नसतं, या गोळीला ओल चालत नाही, आत ती जी पांढरी पुडी असते ती ओल शोषून घ्यायलाच असते, ज्वारी टाकली तर गोळ्या खराब होतील. सगळं बरोबर सांगितलं. ज्वारी निवडून बाजूला काढली, गोळ्या मोजल्या, तीन जास्त उरल्या होत्या, कार्डवर तसं लिहिलं. ती "व्हय म्याडम" म्हणाली आणि ज्वारी परत पदराच्या टोकाला बांधून घेऊन गेली. टाकून नाही दिली.

आता हा "खाडा" शब्द. आपल्या घरात कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, शाळेला खाडा असतो, कामवाल्या मावशींचा खाडा असतो. एआरटी सेंटरलाही आम्ही हाच शब्द वापरायचो, कारण अॅडहिअरन्स वगैरे कोणाला सांगणार, "गोळीला खाडा करायचा नाही" म्हटलं की सगळ्यांना कळतं. आणि ऊसतोडीवर मुकादमाच्या वहीत पण खाडाच असतो. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते नवराबायकोने मिळून, एक कोयता म्हणजे दोन माणसं, आणि त्यातलं कोणी एक दिवस जरी फडात आलं नाही तरी खाडा, पैसे कापले. आजारी असो, लेकरू आजारी असो, पाळी असो, काहीही असो. म्हणजे बघा, गोळीचा खाडा होऊ नये म्हणून सेंटरला जायचं तर कामाचा खाडा, आणि कामाचा खाडा नको म्हणून थांबलं तर डबी संपते. आमची वही वेगळी आणि मुकादमाची वही वेगळी, आणि दोन्हीकडे नाव त्याच बाईचं. हे माझ्या डोक्यात यायला मला किती वर्षं लागली ते सांगायची लाज वाटते.

थोडं मागचं सांगते, कारण आजकालच्या पोरांना वाटतं गोळ्या पहिल्यापासून फुकटच होत्या. आपल्या देशात एचआयव्हीच्या पहिल्या केसेस सापडल्या १९८६ ला, चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी तपासलेल्या नमुन्यांत. १९९२ ला नाको, म्हणजे सरकारचं एड्स नियंत्रणाचं खातं, सुरू झालं. पण औषध? औषध होतं, अमेरिकेत, वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. मग २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचं कॉम्बिनेशन वर्षाला ३५० डॉलरला देऊ म्हणून सांगितलं, म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत, आणि जगभर खळबळ झाली. आपला तेव्हाचा पेटंट कायदा औषधाला नाही तर ते बनवायच्या पद्धतीला पेटंट देणारा होता म्हणून हे जमलं. आफ्रिकेत त्याने किती माणसं वाचली त्याला हिशोब नाही. पण आमच्या भागात ३५० डॉलर सुद्धा कोणाकडे होते, लोक एक एकर विकायचे, वर्षभर गोळ्या खायचे, मग पैसे संपले की बंद.

१ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती देशभरातल्या फक्त आठ हॉस्पिटलांत. महाराष्ट्रात मुंबईचं जे.जे. त्यात होतं. आमच्याकडून जे.जे. म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि पोचल्यावर दिवसभराची रांग, आणि परत रात्रभर. सुरुवातीचे आमचे जे पेशंट होते ते कोणी कोणी जे.जे.वरून ट्रान्सफर होऊन आलेले, त्यांच्याकडे त्या प्रवासाच्या गोष्टी असायच्या. एक काका सांगायचे की जनरल डब्यात एका रात्री त्यांना चार ओळखीची तोंडं दिसली, चौघंही जे.जे.ला चाललेले, आणि चौघांनीही एकमेकांना सांगितलं की मुंबईला पाहुण्याकडे चाललोय.

मी २००९ ला लागले तेव्हा एसएलएन नावाचं कॉम्बिनेशन जोरात होतं. त्यातल्या पहिल्या औषधाने, स्टॅव्ह्युडिनने, माणूस जगायचा पण गाल बसायचे, हातापायाच्या शिरा वर यायच्या, तळपायाला मुंग्या आणि जळजळ. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या शेवटी सांगितलं की हे औषध हळूहळू बंद करा, आमच्याकडे ते जायला अजून बराच वेळ लागला. तोवर गावात लोक नुसते गाल बघून ओळखायला लागले होते. तपासणीचा रिपोर्ट आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवायचो आणि तो रिपोर्ट पेशंटच्या तोंडावर लिहिलेला. एका पोराने तर त्यासाठी दाढी वाढवली होती.

तर ती ज्वारीवाली बाई. तिचं नाव नाही सांगत, आपण ताईच म्हणू. तिला कळलं २०११ ला, गरोदरपणात, सातव्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा. नवऱ्याला बोलावलं, तो आला, हे मी मुद्दाम सांगते कारण बरेच येत नाहीत, आणि तोही पॉझिटिव्ह निघाला. दोघं बाकावर बसले होते आणि त्याने विचारलं, "कोणामुळं आलं ते कळतं का?" मी म्हटलं नाही, तसं तपासणीत कळत नाही. "मग सोडा," तो म्हणाला. मला तो माणूस तिथेच आवडला.

पण ताईच्या सीडीफोर पेशी, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशी, ज्या एचआयव्हीत कमी होत जातात, त्या तेव्हा साडेचारशेच्या वर होत्या आणि नियम असा की साडेतीनशेच्या खाली आल्याशिवाय गोळ्या चालू करायच्या नाहीत. आधी तर ती रेघ दोनशेला होती. आता विचार केला तर कसं वाटतं, तुला आजार आहे, औषध आहे, फुकट आहे, पण तू अजून पुरेशी आजारी नाहीस, सहा महिन्यांनी ये. बरेच लोक सहा महिन्यांनी यायचेच नाहीत. आले की स्ट्रेचरवरून. बाळंतपणाच्या वेळी तिला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला त्याच औषधाचे थेंब, एवढंच तेव्हा मिळायचं. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण व्हायचं प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस, त्या एका डोसने ते साधारण अर्ध्यावर येतं. २०१४ पासून प्रत्येक गरोदर बाईला लगेच, कायमची ट्रीटमेंट चालू करायला लागले, त्याने पाच टक्क्यांच्याही खाली आणता येतं. ताईची मुलगी २०१२ च्या जानेवारीतली. म्हणजे अर्ध्यावरच्या जमान्यातली. दीड वर्षाची झाल्यावर शेवटची टेस्ट, निगेटिव्ह. मी रिपोर्ट वाचून दाखवला तर ताई म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचला. मग तिने तो स्वतः हातात घेतला, तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत बसली.

२०१४ ला तिच्या पेशी ३१० वर आल्या आणि टीएलई चालू झाली, रोज एक गोळी, रात्री. ही गोळी चांगली, पण त्यातल्या इफाव्हिरेन्झमुळे चक्कर येते, डोकं जड होतं, आणि स्वप्नं पडतात, ती पण साधी नाही, रंगीत, खरी वाटणारी. आम्ही पेशंटला सांगायचो झोपताना घ्या म्हणजे त्रास झोपेत निघून जाईल. आता ऊसतोडीवरच्या बाईची झोप किती? रात्री नऊला आडवं व्हायचं, तीनला उठून भाकरी थापायच्या, अंधारात फडात जायचं. आणि दुपारी ट्रक लागला की डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती अरुंद फळी चढून वर जायचं, फळी वाकते, खाली धसकटं. चक्कर येणाऱ्या बाईने. मी एकदा तिला विचारलं होतं की चक्कर येते का, तर म्हणाली, "येती, पर मोळी टाकून येती." म्हणजे काय कोण जाणे, पण मी कार्डवर "साइड इफेक्ट: माइल्ड" लिहिलं.

तिच्याकडे घड्याळ नव्हतं. मोबाईल नवऱ्याकडे, आणि तो बहुतेक वेळा चार्ज नसायचा, कोपीला लाइट कुठे. पण ती ज्या कारखान्याला जायची तिथे शिफ्टचा भोंगा व्हायचा, पहाटे चारला, दुपारी बाराला, रात्री आठला. आठचा भोंगा झाला की गोळी. ही तिची तिने लावलेली सिस्टीम. मी सहा वर्षं लोकांना अलार्म लावा, टीव्हीवरच्या मालिकेला जोडून घ्या असले सल्ले देत होते, भोंगा माझ्या यादीत नव्हता.

आणि त्या ज्वारीच्या सीझनला ज्या तीन गोळ्या उरल्या होत्या ना, ते मला नंतर कळलं, तीन रात्री टोळी एका कारखान्यावरून दुसरीकडे हलली होती, वाटेत बैलगाड्यांतच मुक्काम, भोंगा नाही, आणि समदे एकत्र, डबी काढायला जागाच नाही. हे ती मला सांगू शकली असती. मी विचारलं नाही, मी मोजलं.

मोजण्यावरून एक सांगायलाच हवं. आमच्याकडे केअर कोऑर्डिनेटर म्हणून एक दादा होते, ते स्वतः पॉझिटिव्ह, ती पोस्टच तशा माणसासाठी असते. ते एकदा मला हसत म्हणाले, मॅडम, तुम्ही मोजता म्हणून ते मोजून आणतात. मला राग आला होता. नंतर एक पेशंट होता, ट्रकवर क्लीनर, तारखेला हजर, डबीत शून्य गोळी, शंभर टक्के, आमचा आदर्श विद्यार्थी म्हणा ना. आणि पेशी प्रत्येक वेळी कमी. २६०, १८०, ९०. आम्ही धरून चाललो की औषधालाच व्हायरस दाद देत नाही, सेकंड लाइनसाठी, म्हणजे पुढच्या पायरीच्या औषधांसाठी, कागद वर पाठवायची तयारी केली, त्याला स्वतंत्र तज्ज्ञांचं पॅनल असतं, त्यांच्याकडे केस जाते. तेव्हा त्याने दादांना सांगितलं. नवीन लग्न झालेलं, बायकोला माहीत नाही, घरात डबी नेताच येत नाही, म्हणून तो सेंटरमधून निघाला की एसटी स्टँडच्या मागच्या नाल्यात गोळ्या ओतायचा आणि रिकामी डबी पुढच्या तारखेला घेऊन यायचा. का रे बाबा येत होतास मग? तर म्हणे नाव कटलं असतं ना. डोकं दुखतंय म्हणून एकदा ॲडमिट झाला, मेंदूपर्यंत टीबी गेला होता. गेला.

तेव्हापासून मला शून्य गोळ्यांची भीतीच बसली. दोनतीन उरलेल्या गोळ्या घेऊन येणारा माणूस खरं बोलतोय असं वाटायला लागलं. २०१८ च्या आसपास व्हायरल लोड रेग्युलर व्हायला लागलं, रक्तात व्हायरस किती तेच थेट कळतं, मग ते ट्रेमधलं मोजणं जरा मागे पडलं. बरं झालं.

आता डबीपर्यंत पोचायचं कसं ते. सेंटरपासून ताईचं गाव ६० किलोमीटर, दोन एसट्या. आमच्या पेशंटना एसटीत सवलत आहे, पण ती घ्यायची तर कंडक्टरला कागद दाखवायचा, आणि कंडक्टर शेजारच्याच गावचा. ताईने एकदाही तो कागद काढला नाही, पूर्ण तिकीट काढून यायची. संजय गांधी निराधार योजनेतही या आजाराच्या लोकांना पैसे मिळतात, पण फॉर्म गावातूनच फिरतो. सवलत आहे पण ती घेतली की आजार उघडा, अशा दोनतीन योजना मी तरी बघितल्यात. मग २०२३ च्या मार्चमध्ये सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, कागद नाही, कारण नाही, नुसतं बाई असणं पुरे, आणि माझ्या खुर्चीवरून मला फरक दिसला. ज्या बायांची तारीख चुकायची त्या तारखेला यायला लागल्या. एड्ससाठी कोणी ते केलं नव्हतं, पण आमचं काम झालं.

कायदा पण आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, कोणाचं स्टेटस दुसऱ्याला सांगता येत नाही. चांगला कायदा आहे, आम्ही त्याचं पोस्टर लावलं होतं. पण उचल कुठल्या कागदावर असते? मुकादमाने नुसतं म्हणायचं, यंदा माणसं भरली. संपलं.

म्हणून सगळी लपवालपवी टोळीपासून. सुरुवातीला त्यांनी सांगितलं होतं की ताकदीची गोळी आहे, कॅल्शियमची. ते चांगलंच अंगलट आलं. शेजारच्या कोपीतल्या बाईची कंबर दुखायला लागली आणि ती म्हणाली मला पण दे एक. आता? ताईने त्या रात्री संपली म्हणून सांगितलं आणि पुढच्या वेळी मला म्हणाली, म्याडम, लोकाला द्यायच्या येगळ्या गोळ्या द्या. मग मी खरंच तिला आयर्न आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची दोन पाकिटं द्यायला लागले, एक तिच्यासाठी, एक वाटायला. ऊसतोडीवरच्या बायांचं रक्त असंही कमीच असतं, गर्भपिशव्या काढून बसलेल्या कितीतरी जणी, त्यामुळे ते काही वाया गेलं नसणार. गाईडलाइनमध्ये बसतं का, माहीत नाही, मी कोणाला विचारलंच नाही.

२०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा लाखाच्या वर ऊसतोड कामगार कारखान्यांवरच अडकले, एप्रिलच्या मध्यात सरकारने परत यायची परवानगी दिली तोवर. ताईच्या नवऱ्याचा फोन आला, दोघांच्या मिळून अकरा गोळ्या उरल्यात. तिकडच्या सेंटरमधला दादांच्या ओळखीचा एक जण, तोही पॉझिटिव्ह, मोटरसायकलवर तीस किलोमीटर जाऊन डब्या देऊन आला, पोलिसांनी दोनदा अडवलं. कोपीपाशी गेला नाही, रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडामागे ठेवल्या आणि लांब जाऊन फोन केला. त्यानंतर तीन तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला परवानगी मिळाली. जे आम्ही दहा वर्षं मागत होतो ते साथीने दिलं.

मग २०२१ च्या सुमारास टीएलडी नावाची नवी गोळी आली, इफाव्हिरेन्झऐवजी डॉल्युटेग्राव्हिरवाली. चक्कर नाही, स्वप्नं नाहीत. ताईला विचारलं कसं वाटतंय तर म्हणाली, "सपनं बंद झाली. तेवढी एकच करमणूक व्हती." आम्ही सगळे हसलो, ती पण.

जानेवारी २०२२ ला, सीझनच्या मध्यावर, नवऱ्याला टीबी निघाला. एचआयव्हीत सगळ्यात जास्त माणसं दगावतात ती टीबीनेच, त्यामुळे मी घाबरले. त्यात टीबीचं रिफाम्पिसिन असतं ना, लघवी लाल करणारं, ते डॉल्युटेग्राव्हिरचं बळ कमी करतं, म्हणून बारा तासांनी त्याच औषधाची अजून एक सुटी गोळी घ्यावी लागते. रात्री आठला एक आणि सकाळी आठला एक. सकाळी आठला माणूस फडात, चौदा जणांच्या समोर. मला वाटलं आता हे संपलं, हा सोडणार.

झालं उलटंच. ताई नंतर सांगत होती की ते सहा महिने सगळ्यात सोपे गेले. टीबी सांगता येतो! टीबीच्या गोळ्या हायत म्हणून सांगितलं, आणि त्या ढिगात एआरटीच्या पण खपून गेल्या. फडात, बांधावर बसून, सगळ्यांसमोर, तांब्याने पाणी पिऊन गोळी. काहींनी त्यांची भांडी वेगळी ठेवली, पाणी वरून ओतायचे, पण मुकादमाने उचल परत मागितली नाही, गावाला कोणाचा फोन गेला नाही. ताई स्वतःची गोळी पण तेव्हा उघड्यावर खायची, मला बी लागण व्हऊ नाई म्हून देलीय असं सांगून. "लय बरं वाटलं म्याडम, आठ वर्षांनी तोंड वर करून गोळी गिळली."

सीझन संपून ते गावी आले आणि आमच्याकडेच ती सुटी गोळी कमी पडायला लागली. त्या वर्षी देशात बऱ्याच ठिकाणी औषधांचा तुटवडा होता, जुलै-ऑगस्टमध्ये तर पेशंट लोकच दिल्लीत नाकोच्या ऑफिसबाहेर महिनाभरावर धरणं धरून बसले होते. आमच्याकडे गोळी होती, पण महिन्याच्या ऐवजी दहा दिवसांची द्यायची. दहा दिवसांची गोळी म्हणजे महिन्यात तीन खेपा, जाऊन-येऊन बारा एसट्या, तीन खाडे, तेव्हा ताईचा नवरा गावात मजुरीला जात होता. रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, कारण "खाडा करायचा नाही" म्हणणारी मीच. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, आता खाडा कोणाचा लिहायचा? कार्डवर त्याला रकाना नाही.

ताईचा नवरा त्यातूनही बरा झाला, टीबीचा कोर्स पूर्ण झाला. डिसेंबरमध्ये दोघांचं व्हायरल लोड, दोघांचंही टीएनडी, म्हणजे मशीनला व्हायरस सापडलाच नाही. असा रिपोर्ट टिकला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता पक्कं झालेलं आहे. पण हे गावाला कोण सांगणार, आणि गावाला सांगायचं म्हटलं तर आधी पहिली गोष्ट सांगावी लागेल. महाराष्ट्रात असे चार लाखांच्या आसपास लोक आहेत. तुमच्या ओळखीत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल, तर एवढंच की त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही.

मी २०२३ च्या दिवाळीत काम सोडलं. कारणं होती, दर वर्षी रिन्यू होणारं कॉन्ट्रॅक्ट, वडिलांचं आजारपण, थोडा कंटाळा पण, खोटं कशाला बोलू. शेवटच्या आठवड्यात ताई आली, सीझनला निघायच्या आधी गोळ्या न्यायला. डबी उघडली तर आत गोळ्यांवर कापसाचा बोळा, घट्ट दाबलेला. सरकीसुद्धा नीट काढलेली. "ज्वारीत वल असती म्हणला व्हता ना तुमी," ती म्हणाली. आठ वर्षांपूर्वीचं. मी डबी हलवली, अजिबात आवाज नाही.

कधीतरी फोन येतो अजून. आता ज्या कारखान्याला जातात तिथला भोंगा कोपीपर्यंत ऐकू येत नाही म्हणे, म्हणून तिने मुलीला कामाला लावलंय. मुलगी गावी आजीजवळ असते, सातवीला, सीझनभर आईबाप नाहीत. तिला सांगून ठेवलंय की रोज रात्री बरोबर आठला आजीच्या मोबाईलवरून फोन करायचा, जेवलीस का विचारायचं, बास. पोर करते. आपण काय करतोय ते तिला माहीत नाही. कधी सांगायचं, ताई मला दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी म्हणते जरा मोठी होऊ दे, आणि ती मोठी होत चाललीये.

मागच्या जानेवारीत शाळेत गॅदरिंग होतं, पोरगी नाचात होती, फोन आलाच नाही. मी विचारलं, मग गं, त्या दिवशी गोळी?

"घेतली की. सव्वाआठ झाले, ह्येंनीच फोन लावला अन् पोरीला म्हणले, काय वं बाईसाहेब, आज खाडा का?"